भूगोलाच्या बाई आणि सिस्टर

पेपरात अमळनेरचं तापमान चुकीचं छापून आलं की बाई पोस्टकार्ड लिहायला बसायच्या. खरं म्हणजे पेपरात अमळनेरचं तापमान कधी छापूनच यायचं नाही, यायचं ते जळगावचं. बाईंच्या लेखी तीच चूक. ‘काल दुपारी अडीच वाजता येथे चव्वेचाळीस अंश चार दशांश तापमान होते. आपण जळगावचा आकडा देऊन आमच्या उन्हाचा अवमान करू नये.’ खाली सही आणि सहीखाली ‘भूगोल शिक्षिका’. त्यांचं एकही पत्र कधी छापलं गेलं नाही. त्यामुळे त्यांचं लिहिणंही कधी थांबलं नाही.

मी एकवीस वर्षांची असताना त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहायला गेले. अमळनेरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले होते. माझं घर धरणगावला, म्हणजे तसं जवळच, पण ड्यूट्या अशा की रोज जाणं-येणं जमत नव्हतं. खोली दाखवण्यापूर्वी बाईंनी मला तीन प्रश्न विचारले. तापी कुठल्या दिशेला वाहते? पश्चिमेला, मी म्हटलं. का? मला येईना. “उतार तिकडे आहे म्हणून. बाकीच्या नद्या पूर्वेला जातात, म्हणून तिनंही जावं असं काही नाही.” तिसरा प्रश्न, रात्री घोरतेस का? मी नाही म्हटलं. मग त्यांनी घरातला एकच नियम सांगितला. खालचं दार लोटलेलं असलं तर ढकलायचं नाही. अंगणातून हाक मारायची आणि थांबायचं.

अंगणात चार पायांवर उभी केलेली, झडपांची एक पांढरी लाकडी पेटी होती. सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली. तिच्यात थर्मामीटर टांगलेला असायचा. आमच्या दूधवाल्या अक्कांनी पहिल्यांदा ती पेटी पाहिली तेव्हा विचारलं होतं म्हणे, “बाई, आठे कोणता देव शे?” बाई म्हणाल्या, “सूर्य.” तेव्हापासून दर शुक्रवारी त्या पेटीला हळदीकुंकू लागायचं. बाई ते पुसायच्या नाहीत. थर्मामीटरला लागलं नाही म्हणजे झालं, म्हणायच्या.

बाई काटकुळ्या, उंच, मनगटावर पुरुषी घड्याळ. शाळा सकाळची. दुपारी अडीचला पेटीचं दार उघडून आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा, यात खंड नाही. आणि त्या वहीच्या वेळेला अंगणात दुसरं माणूस हजर असायचं, ते म्हणजे सिस्टर.

सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. अंगानं भरलेल्या, हसल्या की शेजारच्या गल्लीत कळायचं. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं, बाईसुद्धा चारचौघांत सिस्टरच म्हणायच्या. घरात काय म्हणायच्या ते मला कधी ऐकू आलं नाही. सिस्टर मात्र बाईंना सरळ ‘मास्तर’ म्हणायच्या. “मास्तर, चला, भरीत गार होऊ राह्यलं. सूर्य काही पळून जात नाही.”

दोघी सतरा वर्षं त्या घरात राहत होत्या. गावाला त्याचं काही वाटत नव्हतं. एक बिनलग्नाची मास्तरीण, एक बिनलग्नाची नर्स. एकमेकीला सोबत आहे, असं लोक म्हणायचे. कुणी कुणी त्यांना मावसबहिणी समजायचे. दूधवाल्या अक्का तर छातीठोकपणे सांगायच्या, “बठ्ठा गावले माहीत शे, सख्ख्या बहिणी शेतस त्या.”

पण लग्न का नाही केलं, हा प्रश्न काही चुकायचा नाही. बाईंचं म्हणणं असं होतं की विचारणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवू नये. अक्कांना त्यांनी सांगितलं होतं, कडक मंगळ आहे. शाळेतल्या शिवणाच्या बाईंना सांगितलं होतं, ठरलेला मुलगा सैन्यात गेला तो परतलाच नाही. शिवणाच्या बाई तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला यांच्याकडे पाहून डोळे पुसायच्या. किराणा दुकानदाराला सांगितलं होतं, स्थळं बघतेय, तुमच्या पाहण्यात असलं तर सांगा. त्या वेळी बाई पन्नाशीच्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “वेळच मिळाला नाही गं. दुपारी अडीचला आकडा बघायचा असतो.” मग सिस्टर आतून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मला दोघी ‘ट्रंककॉल’ म्हणायच्या. “ए ट्रंककॉल, जेवलीस का?”

मी राहायला गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, एका रविवारी सकाळी शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष घरी आले. सगळे त्यांना नाना म्हणत. वयस्कर, भला माणूस. मी जिन्यात केस वाळवत बसले होते. खालचं सगळं ऐकू येत होतं. उठून जायला हवं होतं, गेले नाही.

“बाई, संस्थेकडे एक पत्र आलंय.”

“सही आहे?”

“नाही.”

“मग ते पत्र नाही, नाना. तो कागद आहे.”

नाना खाकरले. “त्यात असं लिहिलंय की तुम्ही आणि सिस्टर… एकत्र राहता.”

“राहतो की. तुम्ही आमच्या घराच्या वास्तुशांतीला जेवून गेला आहात. दोनदा श्रीखंड घेतलंत.”

“तसं नाही हो, बाई. म्हणजे, लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की ते राहणं… मुलींची शाळा आहे आपली.”

मग बाईंचा आवाज आला. तो वर्गातला आवाज नव्हता.

“नाना, मी या गावाला आजवर पुष्कळ थापा मारल्या. तुम्ही घरी येऊन विचारताय, तर तुम्हाला मारणार नाही. तुम्हाला काय विचारायचं ते विचारा. मी खरं सांगते.”

नानांनी विचारलं नाही. आज मला वाटतं, त्यांना विचारायचं होतं, पण शब्द सापडत नव्हता. शिव्या होत्या, पण त्या बाईंसमोर उच्चारता येण्यासारख्या नव्हत्या. शिव्या वगळल्या तर त्या गोष्टीला आमच्याकडे नावच नव्हतं. निदान नानांना आणि मला तरी ते माहीत नव्हतं. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की गेलं वर्षभर मी ज्याला सोबत समजत होते ते त्याहून काहीतरी मोठं आहे, आणि बाई ते सांगायला तयार आहेत.

सिस्टर चहा घेऊन आल्या. नानांनी घाईघाईनं चहा प्यायला आणि म्हणाले, “सिस्टर, आलोच आहे तर जरा बीपी बघता का?” सिस्टरांनी पट्टा बांधला, पंप मारला. “वाढलंय, नाना. मीठ कमी करा. अन् असले कागद वाचणं बंद करा.”

नानांनी तो कागद बाईंच्या हातात दिला आणि ते गेले. संस्थेनं पुढे काही केलं नाही.

पण गोष्ट गावात पसरली होती. बाईंच्या वर्गाची सहल होती, ती दुसऱ्या शिक्षिकेकडे गेली. शिवणाच्या बाई डबा घेऊन वेगळ्या टेबलावर बसू लागल्या. अक्का मात्र दूध घालतच राहिल्या. एकदा नळावर कुणी काही बोललं तर अक्का म्हणाल्या, “माल्हे काय कराणं शे? मना पोरले न्यूमोनिया व्हयना तै सिस्टर सारी रात उशाशी बसेल व्हती. तू व्हती का?”

मी काय केलं ते सांगायला हवं. पंधरा दिवसांत धरणगावहून माझे वडील आले. त्यांच्या कानावर गेलं होतं. ते घरात आले नाहीत, अंगणाबाहेर उभे राहून मला म्हणाले, “सामान बांध.” मी का म्हणून विचारलं नाही. माझं लग्न व्हायचं होतं. मी वर गेले, ट्रंक भरली, खाली आले आणि बाईंना म्हटलं, “एक्सचेंजच्या जवळच खोली मिळाली, बाई. रात्रपाळीला बरं पडेल.”

बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “कारण चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “मला नसतं सुचलं.”

सिस्टरांनी मला डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत बांधून दिलं. वडिलांनी ते वाटेत एका कुत्र्याला घातलं. पुढे ड्यूट्या बदलून घेऊन मी धरणगावहूनच रोज ये-जा करू लागले. तरी तो डबासुद्धा मी परत नेऊन दिला नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी सिस्टरांची बदली झाली. धडगावला. तेव्हा धडगाव धुळे जिल्ह्यात होतं, सातपुड्यात, पार आत. शहाद्याला गाडी बदलायची आणि पुढे घाट चढत जायचं. पावसाळ्यात रस्ता बंद पडला की चार-चार दिवस उघडत नसे. बदली त्या पत्रामुळे झाली की नेहमीच्या क्रमानं, हे कधी कळलं नाही. सिस्टर इतकी वर्षं एका जागी होत्या, कधी तरी व्हायचीच होती, असंही लोक म्हणत. लोकांना हायसं वाटलं एवढं खरं.

बाई बुधवारी आणि रविवारी एक्सचेंजवर यायला लागल्या. धडगावच्या दवाखान्यात एक फोन होता. बाई ट्रंक कॉल बुक करायच्या आणि बाकड्यावर वह्या तपासत बसायच्या. कधी तासानं लागायचा, कधी तीन तासांनी, कधी लागायचाच नाही. खिडकीशी मी असले तर फॉर्म माझ्याकडे द्यायच्या. तोंडओळख असल्यासारखं बोलायच्या, रागानं नाही. मला ते रागापेक्षा जड जायचं.

ऑपरेटरनं संभाषण ऐकू नये असा नियम होता. ऐकायचं ते फक्त लाइन नीट लागली का, एवढंच. मी ऐकायची.

“हॅलो. आज बेचाळीस.”

“इथं छत्तीस. अन् वारा सुटला आहे.”

“किती वाजता बघितलंस?”

“अडीचलाच, मास्तर. दवाखान्याचा थर्मामीटर आहे, पण भिंतीवर आहे. पेटी नाही.”

“मग दोन अंश वजा कर. जेवलीस?”

“जेवली. तू?”

“हो.”

बस, एवढंच. उरलेला वेळ दोघी गप्प. तारेवरची खरखर, आणि त्या खरखरीत पलीकडचा श्वास. तीन मिनिटं झाली की मी म्हणायची, “तीन मिनिटं झाली,” आणि बाई लगेच, “बरं, ठेवते.” उन्हाळा असा गेला. पावसाळ्यात लाइन वरचेवर बंद पडायची, बाई तरी येऊन बसायच्या. गौरी-गणपती झाले, दिवाळी झाली.

जानेवारीतला एक रविवार होता. कॉल लागला.

“हॅलो,” सिस्टर म्हणाल्या. “बोल मास्तर. किती आहे आज?”

बाई बोलेनात.

“मास्तर? लाइन गेली का वं?”

“नाही. आहे.”

“मग सांग ना.”

“आज बघितलं नाही.”

इतकी वर्षं रोजचा आकडा, तापात असताना, सुट्टीत, वडील गेले त्या दिवशीसुद्धा बाईंनी बघितला होता, हे मला सिस्टरांनीच एकदा सांगितलं होतं.

“काबर?” सिस्टरांनी हळूच विचारलं.

“पेटी उघडली. बाजूला कुणी नाही. मग आकडा सांगायचा कुणाला? उभी राहिले आणि आत आले.” बाईंचा आवाज फाटला. “मला होत नाही गं. मला तुझ्याशिवाय होत नाही.”

आणि मग पलीकडून सिस्टर रडल्या. ज्या बाईचं हसू शेजारच्या गल्लीत जायचं, ती बाई मुळीच आवाज न करता रडत होती. माझ्यासमोरच्या घड्याळात तीन मिनिटं झाली. चार झाली. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण खुणेनं विचारत होती, सांगत का नाहीस? मी कानावरची पट्टी हातानं घट्ट धरून बसले. अकरा मिनिटांनी बाईंनी आपणहून फोन ठेवला. मी फॉर्मवर तीन लिहिलं.

बाई खिडकीशी आल्या. डोळे लाल, पण पदर नीट. “ट्रंककॉल, तुझं घड्याळ बंद पडलंय का?”

“नाही, बाई.”

“मग नोकरी जाईल तुझी.” त्या जायला वळल्या, थांबल्या. “माझी जाऊ दे आधी.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी शाळेचा राजीनामा दिला. निवृत्तीला काही वर्षं बाकी होती. नानांनी दोनदा येऊन समजावलं. गाव म्हणालं, बाईंचं डोकं फिरलं, उन्हात फार उभ्या राहायच्या. कुणी विचारलं की कुठे निघालात, तर बाई सांगायच्या, “धडगावला.” का? “सिस्टर तिथे आहेत म्हणून.” एकालाही दुसरं कारण सांगितलं नाही.

मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. आजन्म भूगोल शिकवलेल्या या बाईंना एसटी लागायची. धुळ्याच्या पलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. एका हातात लिंबू आणि लवंगा, मांडीवर साडीत गुंडाळलेला थर्मामीटर. पेटी टपावर बांधली होती. गाडी सुटायच्या आधीच त्यांचा चेहरा हिरवा पडला होता. अक्का खिडकीखाली उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. “देवले सांभाळीसन न्या वं बाई,” त्या पेटीकडे बघत म्हणाल्या.

चार वर्षांनी मी धडगावला गेले. लग्न झालं होतं, मूल झालं होतं, नवऱ्याची नोकरी धुळ्याला होती. दवाखान्याच्या मागे क्वार्टर, दोन खोल्या, कौलारू. ओसरीवर पाच-सहा पावरा आदिवासी मुली जमिनीवर खडूनं काढलेल्या नकाशात बसल्या होत्या. एक गुजरातेत, एक मध्य प्रदेशात, सगळ्यात धाकटी अरबी समुद्रात. बाई काठी घेऊन उभ्या. अंग भरलं होतं. सिस्टर दवाखान्यातून आल्या त्या बाईंना खाली बसवून शेजारी बसल्या, कोनाड्यातलं तेल बाईंच्या केसांना चोळायला लागल्या. वाटेनं मोळ्या घेऊन जाणाऱ्या बायका थांबून सिस्टरांशी बोलत होत्या, औषधं विचारत होत्या, आणि पुढे जात होत्या. खालचं दार तिथे नव्हतंच. नुसता पडदा होता.

मला जे बोलायचं होतं ते दुसऱ्या दिवशी निघताना बोलले. “बाई, खोलीबद्दल मी तेव्हा खोटं सांगितलं.”

“माहीत आहे.”

“मी पळाले.”

“बावीस वर्षांची होतीस. बाविसाव्या वर्षी मीही पळाले होते, हळदीच्या आदल्या दिवशी. मुलगा वाईट नव्हता बिचारा. मोटार पंपाचं दुकान होतं त्याचं. फक्त तू डबा आणून द्यायला हवा होतास. चांगला स्टीलचा होता. ती रोज विचारायची.”

सिस्टर निवृत्त झाल्यावर दोघी जळगावला सिस्टरांच्या भाच्याजवळ राहायला आल्या. भाचा लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत धडगावला राहिलेला, त्याला त्या दोन्ही आत्याच. बाई आजारी पडल्या तेव्हा दवाखान्यात त्यानंच सह्या केल्या, आणि गेल्या तेव्हा अग्नीही त्यानंच दिला. नात्याच्या रकान्यात त्यानं ‘आत्या’ लिहिलं. खोटं कुणालाच वाटलं नाही.

सिस्टर आता नव्वदीला टेकल्या आहेत. मागच्या महिन्यात मी धुळ्याहून जाऊन आले. गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं, हसू तेवढंच आहे. भाच्याची मुलगी कॉलेजला आहे, तीही येऊन पलंगाच्या कडेला बसली. मोबाइल बाजूला ठेवून तिनं सहज, कुणालाही विचारावं तसं विचारलं, “आजी, तुझी आणि मोठ्या आजीची पहिल्यांदा भेट कशी झाली गं?”

मी चमकले. चाळीस वर्षं मी या दोघींना ओळखत होते आणि हे मी कधी विचारलं नव्हतं.

सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“अवं, मी नवीनच लागली व्हती. शाळेत लस टोचायला पाठवलं मले. साऱ्या पोरींना टोचलं, साऱ्या मास्तरणींना टोचलं. यादीत एक नाव राह्यलं. कोणी म्हने रजेवर आहे, कोणी म्हने आता तर इथंच व्हत्या. मी हुडकत हुडकत गेली तर नकाशे ठेवायच्या खोलीत, कपाटाच्या मागं, हे एवढी उंच बाई अंग चोरून उभी. घामानं डबडबलेली. मले म्हने, ‘मला टोचून घ्यायचं नाही. मला भीती वाटते. कुणाला सांगू नका.’ मी म्हटलं, नाही सांगत. डोळे मिटा अन् माझा हात धरा घट्ट.”

“मग?” मुलीनं विचारलं.

“मग काय! टोचलं. कापूस लावला. म्हटलं, झालं, उघडा डोळे. तिनं डोळे उघडले, पण हात काही सोडेना. बाहेर डॉक्टर हाका मारू राह्यले, जीप थांबलेली. मी म्हटलं, ‘मास्तर, सोडा आता हात, जायचं आहे मले.’”

सिस्टर हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, मुलीनं पाणी दिलं, त्यांनी हातानंच नको म्हटलं.

“तं मले कशी म्हने, ‘का? तुम्हाला घाई आहे का?’”